दोनाची एक: जोडीदार शोधणाऱ्या पहिल्या पेशींची गोष्ट

यवतमाळहून करंजीमार्गे मारेगावला आणि तिथून पुढे वणीला जाताना वरवर काही बदलत नाही. तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी, कुठे सोयाबीन. बदलतो तो मातीखालचा दगड. जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या कातळावर उभा आहे. तो कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. पण पूर्वेला, वर्धा आणि पैनगंगा जिथे एकमेकींच्या जवळ यायला लागतात तिथे, हा कातळ विरळ होतो आणि खालचं जुनं वर डोकावतं. आधी कोळसा, पंचवीस-तीस कोटी वर्षांचा. आणि त्याहून कितीतरी जुनी चुनखडी. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना या भागात आले ते या चुनखडीमुळे. भूशास्त्राच्या पुस्तकांत या खडकांना पैनगंगा समूह म्हणतात आणि त्यातल्या चुनखडीला चंद्रपूरच्या जुन्या नावावरून ‘चांदा लाइमस्टोन’.

चुनखडी म्हटलं की आपल्याला शिंपले आठवतात. या दगडात शिंपले नाहीत, कारण तो समुद्राच्या तळाशी साचत होता तेव्हा जगात शिंपला बनवणारं कुणी नव्हतंच. मासे नव्हते, किडे नव्हते, जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. अभ्यासक या खडकांचं वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याही मागे नेतात. त्या समुद्रात जे जगत होतं ते जवळपास सगळं एका पेशीचं होतं. आणि त्याच लांबलचक, वरून कंटाळवाण्या वाटणाऱ्या काळात कधीतरी काही पेशींनी एक विचित्र उद्योग सुरू केला. दोन पेशी जवळ आल्या, त्यांची एक झाली, आणि मग त्या एकीने आपल्याजवळचा वारसा पिसून, निम्मा करून पुढे वाटला.

विचित्र अशासाठी की त्याची काही गरज दिसत नव्हती. त्याआधी किमान दोनशे कोटी वर्षं जीवसृष्टीचं काम साध्या विभाजनावर बिनबोभाट चाललं होतं. पेशी वाढते, आपल्या डीएनएची नक्कल करते, मधोमध चिरते, एकाचे दोन. जिवाणू आजही तेच करतात. जोडीदार शोधायचा नाही, वाट बघायची नाही. जे जमलंय ते जसंच्या तसं पुढे द्यायचं. याउलट लैंगिक प्रजनन म्हणजे जिंकलेला डाव मोडून पत्ते पुन्हा पिसणं. आईबापांकडे जगण्याजोगा जनुकांचा संच आहे हे सिद्ध झालेलं आहे, कारण ते जगलेत. तो मोडून नवा संच करायचा तर तो चांगला निघेल याची हमी कोण देणार?

हा उद्योग पहिल्यांदा कुणी केला याचा थेट पुरावा नाही, पण तो निदान कधीपर्यंत रुळला होता हे सांगणारा एक दगड आहे. तो कॅनडाच्या उत्तर टोकाला, सॉमरसेट बेटावर सापडला. त्यात लाल शेवाळाचे केसांसारखे तंतू जपले गेले आहेत. निकोलस बटरफील्ड यांनी १९९० मध्ये त्यांची ओळख पटवली आणि २००० मध्ये सविस्तर वर्णन केलं. काही तंतूंमधल्या पेशी एका तऱ्हेने विभागलेल्या, काहींमधल्या दुसऱ्या. आजच्या लाल शेवाळात असा फरक नर-मादी तंतूंमध्ये दिसतो. बटरफील्ड यांनी त्याचं नाव ठेवलं बँगिओमॉर्फा प्युबेसेन्स. प्युबेसेन्स म्हणजे लवयुक्त, आणि वयात आलेला हा दुसरा अर्थही त्यांनी मुद्दाम धरला होता. शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतात तो असा. २०१८ मध्ये त्या खडकाचं वय नव्याने मोजलं तेव्हा ते सुमारे १०४.७ कोटी वर्षं निघालं. म्हणजे वणी-मारेगावच्या भागातला चुना ज्या जगात साचला, त्याच्याच आगेमागे दूर कुठल्यातरी उथळ किनाऱ्यावर हे शेवाळ वयात येत होतं. आणि शेवाळासारख्या अनेक पेशींच्या जीवात ही रीत इतकी घट्ट बसली असेल, तर ती त्याआधी एकट्या पेशींमध्ये सुरू झाली असणार हे उघड आहे.

माणसाला हे कळायला मात्र फार वेळ लागला. एकपेशीय जीव पहिल्यांदा दिसले ते १६७० च्या दशकात, हॉलंडमधल्या लेवेनहूक या कापड व्यापाऱ्याला. पुढे ओटो फ्रेडरिक म्युलर या डॅनिश निसर्गअभ्यासकाच्या लक्षात आलं की पाण्यातले हे जीव कधी दोनात फाटतात आणि कधी दोघं येऊन चिकटतात, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये आलं. पण पुढच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी त्याला वेड्यात काढलं. चिकटलेली जोडी दिसली की ते म्हणायचे, हा उभा फाटत चाललेला एकच जीव आहे. स्थिर चित्रात दोन्ही सारखंच दिसतं. तासन्‌तास डोळा लावून बसल्याशिवाय फरक कळत नाही.

फ्रान्सच्या बाल्बियानीने १८५८ नंतर म्युलरची बाजू पुन्हा उचलून धरली, पण तो दुसऱ्या टोकाला गेला. पॅरामेशियममध्ये दोन केंद्रकं असतात, एक मोठं, एक लहान. बाल्बियानी म्हणाला, मोठं ते अंडाशय आणि लहान ते वृषण. एका पेशीत आख्खा संसार! १८७६ मध्ये जर्मनीच्या ब्युचलीने ही कल्पना मोडून काढली. त्यात चूक अशी होती, जी आपणही सहज करतो: लैंगिक म्हटलं की नर-मादी, अवयव, आपल्यासारखं काहीतरी असणारच. पॅरामेशियमच्या जोडीत नर कुणी नसतो आणि मादीही कुणी नसते. दोघं शेजारी चिकटतात, एकमेकांना एकेक अर्धं केंद्रक देतात, वेगळे होतात आणि आपापल्या वाटेने जातात. पिल्लू होत नाही. आधी दोन होते, नंतरही दोनच. प्रजनन आणि लैंगिकता या दोन गोष्टी मुळात वेगळ्या आहेत हे यातून लख्ख दिसतं. पेशींची संख्या वाढते ती विभाजनाने. जोडीने होते ती फक्त वारशाची अदलाबदल.

मग ती करायची कशाला? या प्रश्नासाठी अल्जीयर्समधल्या एका ग्रंथपालाने आयुष्याची बरीच वर्षं घातली. एमिल मोपा त्याचं नाव. ग्रंथालयातली नोकरी आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक. एक पेशी वेगळी काढायची, ती विभागली की त्यातली एक पुन्हा वेगळी काढायची, जोडीदार मिळूच द्यायचा नाही. काही वाणांच्या बाबतीत तो अशा तीनशेहून जास्त पिढ्या मागे लागला. शेवटी पेशी खुरटल्या, त्यांची केंद्रकं बिघडली, वंश खुंटला. १८८९ मध्ये त्याने मांडलं की जोडी जमली नाही तर वंश म्हातारा होतो. अमेरिकेत लोरँड वूड्रफला हे पटलं नाही. त्याने १९०७ मध्ये एका पॅरामेशियमपासून सुरुवात केली आणि एकही जोडी जमू न देता आठ हजारांहून जास्त पिढ्या ठणठणीत वाढवल्या. मोपा खोटा पडला असंच वाटलं. पण १९३६ मध्ये विल्यम डिलरने दाखवलं की पॅरामेशियम एकटं असलं तरी गप्प बसत नाही. ते आपलंच केंद्रक अर्धं करून, त्याच अर्ध्यांचा पुन्हा मेळ घालून नवं केंद्रक घडवतं. बाहेर जोडीदार नाही तर घरातल्या घरात उरकून घेतं. म्हणजे काचेखाली दिसत नव्हतं तिथेही ते चालूच होतं.

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हा धडा याच विषयात पुन्हा एकदा गिरवावा लागला आणि तिथे माणसांचे जीव पणाला लागलेले होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्याच कॉन्स्टँटीन गावी लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने हिवतापाच्या रुग्णाचं रक्त पाहताना एका गोल जीवातून शेपट्यांसारखे धागे सुटून वळवळताना पाहिले. हिवतापाचा परजीवी सापडला होता. पण ते धागे काय होते? काही म्हणाले मरणाऱ्या पेशीची तडफड. पॅट्रिक मॅन्सन म्हणाले ही डासाच्या पोटात जाणारी बीजं. १८९७ च्या उन्हाळ्यात मॅक्कलम नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी कावळ्याच्या रक्तातला, हिवतापाच्या परजीवीचा भाऊबंद असलेला एक जीव पाहत होता. त्याच्या डोळ्यांदेखत एक धागा सुटला, पोहत गेला आणि दुसऱ्या प्रकारच्या गोल पेशीत शिरला. धागा म्हणजे शुक्रपेशी होती. रक्तातला एकपेशीय परजीवी संभोग करत होता. त्याच वर्षी २० ऑगस्टला, मारेगावहून आदिलाबाद ओलांडून दक्षिणेला गेलं की लागणाऱ्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीवर याच मीलनातून तयार झालेल्या गाठी दिसल्या. दोन टोकांवरची दोन माणसं एकाच कोड्याचे शेजारचे तुकडे हातात धरून बसली होती.

आज आपल्याला माहीत आहे की या परजीवीची जोडी माणसाच्या रक्तात जमत नाही. डासाने रक्त ओढलं की तापमान काही अंशांनी उतरतं, डासाच्या शरीरातलं एक रसायन लागतं, आणि काही मिनिटांत धागे सुटतात. लाव्हरानला ते दिसले कारण काचेवर थेंब थंड झाला होता.

या मीलनाच्या शेवटच्या क्षणाबद्दल, म्हणजे दोन पेशींची आवरणं वितळून एक कशी होतात याबद्दल, २००८ पासून जे हाती आलंय ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत चक्रावणारं वाटतं. हिवतापाचा परजीवी आणि क्लॅमिडोमोनास नावाचं हिरवं एकपेशीय शेवाळ, दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. तरी दोघांच्याही पेशी एकजीव व्हायला एकच प्रथिन लागतं. त्याला हॅप२ म्हणतात. फुलझाडांत आहे, अनेक किड्यांत आहे. म्हणजे ते या सगळ्यांच्या सामाईक पूर्वजाकडे असणार. २०१७ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा ती ओळखीची निघाली. डेंग्यू आणि झिका हे विषाणू आपल्या पेशीत घुसताना आपल्या आवरणाशी जी कळ दाबतात, हुबेहूब तीच घडण! मग कुणी कुणाकडून उचललं? विषाणूची घुसखोरीची किल्ली पेशींनी प्रेमासाठी वापरली की पेशींची किल्ली विषाणूंनी चोरली? २०२२ मध्ये आर्किया या केंद्रक नसलेल्या जीवांतही याच घराण्यातली प्रथिनं सापडल्यावर हा वाद आणखी मागे, केंद्रकवाल्या पेशी जन्मण्याच्या आधीपर्यंत गेला आहे.

बाकीची हत्यारंही अशीच जुनी, दुसऱ्या कामासाठी घडवलेली. एक झालेल्या पेशीत गुणसूत्रं दुप्पट होतात. ती पुन्हा निम्मी करायला अर्धगुणसूत्री विभाजन लागतं. त्यात आधी डीएनए मुद्दाम तोडला जातो आणि मग जोडीच्या गुणसूत्राकडे पाहून सांधला जातो. त्या सांधण्यातच देवाणघेवाण होते. तोडणारं प्रथिन आर्कियातल्या एका जुन्या विकराचं वंशज आहे. सांधणारी प्रथिनं जिवाणूंमध्ये आजही डीएनएची दुरुस्ती करतात. त्यामुळे अनेक अभ्यासकांना वाटतं की हा उद्योग मुळात दुरुस्तीचा होता. हवेत आणि पाण्यात ऑक्सिजन होता, आत ऊर्जा देणारी तंतुकणिका होती, आणि तिच्यातून निसटणारी रसायनं डीएनएला कुरतडत होती. आपली प्रत फाटली तर शेजाऱ्याची प्रत समोर ठेवून दुरुस्त करावी. पत्ते पिसले गेले ते नंतरचं, फुकटात मिळालेलं. हे सगळं मान्य नसलेलेही आहेत. ते म्हणतात, दुरुस्तीच करायची तर आपल्याच डीएनएची दुसरी नक्कल पुरते, परक्याची कशाला?

मला या वादात एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की लैंगिक प्रजननाची किंमत दुप्पट आहे, कारण नर स्वतः पिल्लं घालत नाही. पण ही किंमत नर असलेल्या जिवांची. सुरुवातीच्या पेशी एकसारख्या आकाराच्या होत्या, दोघी सारखाच ऐवज आणायच्या. नर नव्हता, तर नराचा खर्चही नव्हता. छोटी, चपळ पेशी आणि मोठी, साठा बाळगणारी पेशी हा भेद नंतर आला. तो कसा येऊ शकतो याचं गणित जेफ पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलं. क्लॅमिडोमोनासमध्ये ‘अधिक’ आणि ‘उणे’ असे दोनच प्रकार असतात, दिसायला सारखे. ‘उणे’ ठरवणारं जे जनुक, त्याचा भाऊबंद जपानी संशोधकांना २००६ मध्ये प्लिओडोरिना या नातेवाईक शेवाळाच्या नरांत सापडला. पुरुषपणाची मुळं एका उणे चिन्हाशी जातात, हे वाचून कुणाला राग आला तर त्याला इलाज नाही.

आणि मुळात या पेशी रोज जोड्या जमवतच नाहीत. सुकाळात सगळं अलैंगिक. मार्चपर्यंत मारेगावकडच्या शेततळ्यात किंवा नाल्याच्या डबक्यात हिरवी, बुळबुळीत जटा वाढते. तिच्यात बऱ्याचदा स्पायरोगायरा असतो. शाळेत आपण त्याला खंडीभवनाचं उदाहरण म्हणून ओळखतो: तुकडा पडला, तुकड्याचा नवा तंतू. ते खरंच आहे, पण अर्धंच. पाणी आटू लागलं, अन्न संपू लागलं की शेजारच्या दोन तंतूंच्या पेशी एकमेकींकडे नळी काढतात, शिडीच्या पायऱ्यांसारखी, आणि एका पेशीतला सगळा ऐवज सरकून दुसरीत जातो. स्वित्झर्लंडच्या व्होशेने हे १८०३ मध्येच छापलं होतं. त्यातून जाड कवचाचा बीजाणू तयार होतो. तळ भेगाळला, ऊन पंचेचाळिसाला गेलं, तरी तो चिखलात पडून राहतो. व्हॉल्व्हॉक्स या गोल शेवाळाला तर प्रयोगशाळेत नुसता चाळिशीपलीकडच्या उष्णतेचा चटका दिला तरी त्याच्या लैंगिक पिढ्या सुरू होतात. डेव्हिड आणि मेरिलिन कर्क यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं. क्लॅमिडोमोनासला नायट्रोजन तोडा, तो जोडीदार शोधतो. यीस्टला उपाशी ठेवा, तोही अर्धगुणसूत्री विभाजनाला लागतो. २००५ मध्ये लंडनच्या गटाने यीस्टचे दोन वाण शेजारी वाढवले, एक लैंगिक, एकाची ती क्षमता जनुकं काढून मारलेली. सुखाच्या वातावरणात फरक पडला नाही. कठीण वातावरणात लैंगिक वाण पुढे गेला.

पत्ते पिसण्याचा हाच नियम मारेगावच्या शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे, आणि तिथे तो इतका निरुपद्रवी नाही. १९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा पहिला व्यापारी संकर काढला, तेव्हापासून आपल्याकडे संकरित बियाणं वाढत गेलं. बीटी कापूस २००२ मध्ये आला तोही भारतात जवळपास पूर्णपणे संकराच्या रूपात. संकराची पहिली पिढी एकसारखी असते. पण तिच्या बोंडातली सरकी पेरली तर पत्ते पिसले जातात आणि शेतात एकही झाड दुसऱ्यासारखं येत नाही. म्हणून दर जूनला पाकीट विकत घ्यायचं. सरकी घरात ठेवायला कायद्याने बंदी नाही. कायद्याची गरजच पडत नाही, अर्धगुणसूत्री विभाजन पुरतं.

त्याच बोंडात आणखी एक गोष्ट घडते. संकरात बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे बोंडातल्या दर चार सरक्यांमागे सरासरी एक सरकी त्या विषाविना येते. दोन जनुकांच्या बीटीत सोळांत एक दोन्ही विषांविना, आणि काहींत एकच विष. शेंदरी बोंडअळी सरकीच खाते. तिला एका बोंडात बिनविषारी, कमी विषारी, पूर्ण विषारी असं ताट वाढलेलं मिळालं आणि हळूहळू विष पचवणाऱ्या अळ्या निवडल्या गेल्या. याला उतारा म्हणून बांधाभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगितलं होतं. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांची जोडी जमेल, त्यांची पिल्लं मिश्र निघतील आणि बीटीवर मरतील, हा हिशोब. पण पाकिटासोबत आलेली ती छोटी पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. ज्याच्याकडे तीन-चार एकर आहेत त्याने बांधाभोवतीच्या ओळी अळीला का सोडाव्यात, याचं सरळ उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. फरदड ठेवल्याने अळीला वर्षभर अन्न मिळालं ते वेगळंच. २०१७ च्या हंगामात विदर्भभर बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर गेले.

त्यानंतर कृषी विभागाच्या पत्रकांत डोमकळ्या तोडून नष्ट करा, फरदड घेऊ नका, यासोबत कामगंध सापळ्यांचा आग्रह वाढला, हेक्टरी पाच. सापळ्यात मादी पतंगाचा कृत्रिम गंध भरलेली गोळी असते. अलीकडे तोच गंध सोडणाऱ्या दोऱ्या झाडांना बांधतात. मग शेतभर एकच वास पसरतो, नर पतंग या ओळीतून त्या ओळीत भिरभिरत राहतो आणि मादी जवळ असूनही त्याला ती सापडत नाही.